एकदाच पाठवा

मंगळावर चाळीस हजार माणसं नेऊन वसवली, पण त्यांच्याशी बोलायची वाट ठेवली बोळाएवढी. त्यात पृथ्वीवरून रोज कोट्यवधी निरोप. रांग तुंबली की सगळंच खोळंबायचं, म्हणून संदेश केंद्रात 'गाळणी' बसवली. रांग भरायच्या आधीच ही गाळणी काही निरोप टाकून द्यायची. ज्याचा निरोप पडला, त्याने समजून जरा हात आखडता घ्यावा, एवढीच अपेक्षा. पण माणूस कुठला ऐकतोय.

रेवती आगलावे अकरा वर्षं ही गाळणी सांभाळत होती आणि तिला त्याचा वीट आला होता. त्या मंगळवारी तिच्यासमोर हणमंतराव बसले होते, नगरपालिकेचे निवृत्त वॉलमन.

"आमच्या शालननं मंगळावरून विचारलंय, बाबा, परत येऊ का? शुक्रवारी यान सुटतंय. मी चार दिवसांत सहाशे वेळा 'ये' म्हणून पाठवलं. एक पोचेना."

"म्हणूनच पोचेना, काका. जो थांबत नाही, त्याचे निरोप गाळणी जास्त टाकते. गप्प बसेल त्याला वाट देते."

"म्हणजे ज्याला नड जास्त, त्याच्याच तोंडावर दार? अहो, आमच्या पेठेत जो बोंबलेल त्याच्या पाण्याचा वॉल मी आधी फिरवायचो. तुम्ही हातानं ढकला की पुढं."

"ढकलता येतं. पण मग दुसऱ्या कुणाचा तरी पडतो. कुणाचा, ते मला कधीच कळत नाही." रेवतीने डोळे चोळले. "दोन दिवस काही पाठवू नका. मग एकदाच पाठवा."

दोन दिवस हणमंतराव केंद्रातल्या बाकावर हात बांधून बसले. जीव नुसता तुटत होता. गुरुवारी सकाळी त्यांनी एकदाच 'ये' पाठवलं आणि ते पोचलं. म्हातारा रडला. रेवतीलाही फार दिवसांनी बरं वाटलं.

दुपारी शालनचं उत्तर आलं.

"बाबा, आठवडाभर वाट पाहिली. आलं ते एकच अक्षर, तेही एकदाच. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी खरंच हवी असते, तर तुम्ही शंभरदा पाठवलं असतं. यानातली माझी जागा मी दुसऱ्या बाईला देऊन टाकली. तब्येतीला जपा."

हणमंतरावांनी ते दोनदा वाचलं.

"सहाशे वेळा पाठवलं होतं, हे तिला सांगू का आता?"

"सांगा ना," रेवती म्हणाली. "पण एकदाच."