मागे धरलेला सूर

देवाला स्मरून सांगतो, यातला एक शब्दही रचलेला नाही.

रविवारची संध्याकाळ होती. संगीत विद्यालयाच्या वरच्या मजल्यावरची मोठी खोली. तिथे मी, माझी थोरली बहीण आणि शिपाईकाका. बाकी कुणी नाही.

ताई इथेच गाणं शिकली, इथेच शिकवू लागली. या विद्यालयाची एक जुनी रीत आहे. विद्यालय सुरू करणारे गुरुजी शिष्याच्या समोर नाही, पाठीमागे बसायचे. शिष्याचा दम संपला की सूर ते धरायचे. शिष्यानं श्वास घेऊन तो परत उचलायचा.

गुरुजी जाऊन वर्षं झाली. त्यांची सतरंजी अजून रोज मागे अंथरतात.

आजारपणात ताईचा आवाज गेला. कुजबुजण्यापुरता उरला. डॉक्टरांनी हात टेकले. देवाला मी किती विनवलं, त्यालाच ठाऊक.

"ताई, घरी चल ना. घशाला उगाच त्रास."

"गप रे," ती कुजबुजली. "बुवांचा घसा बसला म्हणून तू कीर्तनातून उठतोस का?"

शिपाईकाका दारातून हसले. "भांडायला पुरतोय की आवाज, बाई."

तिनं तंबोरा जुळवला. मागे न बघता म्हणाली, "गुरुजी, धरा."

तोंड उघडलं. आवाज नाही...

आणि मागून सूर लागला.

ताईचाच आवाज. आजारापूर्वीचा. भरलेला, गोड...

मागे कुणीच नव्हतं.

सतरंजी मात्र मधोमध दबली होती.

काकांच्या हातातून किल्ल्या पडल्या. जन्मभर घेतलेलं देवाचं नाव मला आठवेना.

ताई आनंदानं रडत होती. मग सूर परत घ्यायला तिनं तोंड उघडलं.

आला नाही.

पुन्हा. नाही.

त्या संध्याकाळपासून तिची कुजबुजही गेली. खोलीतला सूर मात्र थांबलेला नाही. कुलूप लावलं तरी बाहेर ऐकू येतो. मध्ये श्वास नाही, खंड नाही.

ताई रोज तिथे जाऊन बसते. तोंड उघडते, मिटते. मी शेजारी बसतो. मागे बघत नाही.

काल काका जवळ आले. "दादा... ऐका जरा."

सूर थरथरत होता.

दम संपत आल्यासारखा...

ताईनं माझं मनगट गच्च धरलं. तिलाही कळलं होतं, हा थांबला की उचलायला कुणी नाही.

आत्ता मी जिन्यात बसून हे लिहितोय. ताई आत आहे. सूर अजून येतोय.

बारीक होत चाललाय...