ह्यांचा रेग्युलेटर

"तो उघडू नको. आणि कधी उघडलाच, तर मग बंद करू नको."

शेवटच्या आठवड्यात ह्यांनी मला एवढंच सांगितलं. उशीला टेकून बसले होते, दम लागत होता, म्हणून शब्द मोजके. हात मात्र पलंगाखालच्या पेटीकडे. पेटीत त्यांचा पाण्यात उतरायचा रेग्युलेटर होता, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. सिलिंडरातली हवा तोंडापर्यंत आणणारं पितळी यंत्र, एक काळी नळी, आणि टोकाला दातांत धरायचं रबर. मी 'बरं' म्हटलं. पुढची आठ वर्षं त्या पेटीवरची मी फक्त धूळ पुसली.

हे पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या दारांखाली उतरून दगड, झाडांचे ओंडके काढायचे. पण यावलपासून साक्रीपर्यंत कुणी बुडालं की बोलावणं आमच्याकडे यायचं. त्रेपन्न बोलावणी आली, त्रेपन्न माणसं ह्यांनी वर आणली. त्यातली दोन जिवंत. रिकाम्या हातांनी हे कधी परतले नाहीत, असं सगळा मुलूख म्हणतो.

दोर धरायला मी असायचे. काठावर बसून पाण्यावर येणारे बुडबुडे बघायचे आणि जपाची माळ ओढायचे. ह्यांच्या एका श्वासाला माझे सहा मणी सरत. सहा झाले आणि बुडबुडे आले, की खाली सगळं ठीक. देवापुढे अभिमान धरू नये म्हणतात. हा एक मी धरला.

आमची रूपाली धुळ्याच्या शोध-बचाव पथकात आहे. पथकातली पहिली बाई. यंदा पथकाला नवीन इमारत मिळाली आणि दर्शनी भागात काचेचं कपाट ठेवून त्यात ह्यांचा रेग्युलेटर मांडायचं ठरलं. खाली फलक, त्यावर नाव आणि आकडा.

"आणि आई, कपाटात ठेवण्याआधी उद्घाटनाला मी तो लावून एकदा तलावात उतरणार," रूपाली म्हणाली. "नीट करून घेऊ. धुळ्यात एक जण आहे."

मी तिला ह्यांचा शब्द सांगितला.

"पप्पा शेवटी ऑक्सिजनही नको म्हणत होते. तेव्हा आपण ऐकलं का?"

मी पलंगाखालून पेटी ओढली. खरं सांगायचं तर काचेतलं ते नाव मला दिसायला लागलं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही पथकाच्या जीपने धुळ्याला पोचलो. हसनैनचं दुकान पांझरेच्या पुलाकडून आत, एका लोखंडी जिन्याखाली. दवाखान्यांच्या ऑक्सिजनची आणि वेल्डिंगवाल्यांची यंत्रं तो दुरुस्त करतो. भिंतीवर काटेवाली मापं ओळीने टांगलेली, खाली जुनं ताडपत्री अंथरलेलं टेबल, तेलाचा आणि तापल्या रबराचा वास.

"खाला, चहा घेतल्याशिवाय मी कुणाची मशीन खोलत नाही," मला मावशी करून टाकत हसनैन म्हणाला.

"माझा गुरुवार आहे, बाबा."

"मग केळी खा. उपासाला चालतात ना? यावलची आहेत, तुमच्याच बाजूची." त्याने फणी पुढे सरकवली आणि चिठ्ठी काढली. "मालकाचं नाव?"

मी रूपालीकडे बघितलं. अडतीस वर्षांत मी ते नाव उच्चारलेलं नाही.

"काय लिहू, खालांचे मिस्टर?"

"योगराज लिहा," रूपाली हसत म्हणाली. "आईने ते लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

त्याने रेग्युलेटरवरची साडी सोडली. पितळेवर हिरवट डाग होते, नळीला भेगा नव्हत्या. मग त्याने टोकाचं रबर उजेडात धरलं आणि अंगठ्याने बराच वेळ चाचपलं.

"हे दोघांनी चावलंय. हे मोठे दात. आणि हे त्यांच्या वरून, बारके. पोराचे असावेत."

"पप्पांचा रेग्युलेटर कोण तोंडात घालेल?" रूपाली म्हणाली. "घरात कुणाचं उष्टं भांडंसुद्धा चालत नाही आमच्या आईला."

ते खरं आहे. ह्यांच्या ताटाखेरीज मी कुणाचं उष्टं कधी घेतलं नाही. मी केळ्याची साल उगाच सारखी करत बसले.

"दोन रस्ते आहेत," हसनैन म्हणाला. "नुसता मांडायचा असेल तर घासून चकाचक करतो. चालवायचा असेल तर आतलं सगळं रबर बदलावं लागेल, तोंडाचंही. आधी आहे तसा लावून बघू."

नव्या सिलिंडरांचं तोंड ह्याला बसत नाही. त्याच्याकडे जुन्या तोंडाचं एकच सिलिंडर होतं, अर्धं भरलेलं. त्याने रेग्युलेटर आवळला आणि चावी उघडली. मापाचा काटा शंभरावर जाऊन स्थिर झाला. रबर टेबलाच्या कडेवर मोकळं पडलं होतं.

मग काटा जरासा उतरला. थांबला. पुन्हा उतरला. प्रत्येक वेळी नळीतून बारीक 'हस्स' आवाज यायचा आणि मध्ये शांतता.

हसनैनने सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एकही फुगा आला नाही.

"गळती असती तर काटा सरळ उतरला असता," तो म्हणाला. "हा टप्प्याटप्प्याने उतरतोय. दवाखान्यात पेशंटला लावल्यावर उतरतो ना, तसा."

रूपालीने रबर हाताच्या तळव्यावर घेतलं आणि लगेच खाली ठेवलं. "ओलं आहे," ती म्हणाली.

माझी बोटं पिशवीतल्या माळेवर गेली होती. एक, दोन, हस्स. एक, दोन, हस्स. सहा मणी होत नव्हते.

"हा श्वास तुझ्या पप्पांचा नाही," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मग मी ते सांगितलं, जे अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

साक्रीच्या पलीकडे एका पाड्यावर लोटनभाऊंची विहीर होती. त्यांची नऊ वर्षांची कामिनी बादली काढायला पायऱ्या उतरली आणि वर आली नाही. आम्ही पोचलो तेव्हा लोटनभाऊ काठावर पालथे पडून कान लावून होते. "माय, मनी पोर मझार शे," ते आत बोट दाखवत मला म्हणाले. "माले ऐकू येस."

हे उतरले. मी माळ ओढत होते. सहा मण्यांनी बुडबुडे आले. मग दोनच मण्यांनी आले, बारके. पुन्हा सहाने मोठे, पुन्हा दोनाने बारके. विहिरीत दोन जणं आळीपाळीने श्वास घेत होती आणि ते फक्त मला दिसत होतं.

थोड्या वेळाने हे वर आले, कुणाशी न बोलता सिलिंडर बदललं आणि परत उतरले. या वेळीही आले ते रिकाम्याच हातांनी. तीन दिवस पंप लावून विहीर तळापर्यंत उपसली. खाली काही नव्हतं. पोर विहिरीत पडलीच नव्हती, असं कागदावर आलं.

परतीच्या एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बोलले. तळाशी आडवी कपार होती. कपारीच्या छताला वीतभर हवा, तिथे तिचं तोंड. पाय दगडात अडकलेला. ह्यांनी आपलं रबर तिच्या तोंडात दिलं, मग आपल्या, मग तिच्या. सिलिंडर संपत आलं तेव्हा तिला म्हणाले, दुसरं घेऊन येतो, तू हळू श्वास घेत राहा. ती मानेने 'हो' म्हणाली. पुन्हा गेले तेव्हा कपार रिकामी होती. दगड तसाच होता.

"आणि तू काय म्हणालीस?" रूपालीने विचारलं.

"मी म्हटलं, कुणाला सांगू नका. एकही सुटलं नाही असं लोक म्हणतात, ते तसंच राहू द्या."

नळीतून हस्स आवाज आला.

"म्हणजे बोलावणी चोपन्न होती," रूपाली हळूच म्हणाली. तिने मला आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

हसनैनने कपाळ पुसलं. "आठ वर्षं पेटीत होता म्हणता. त्याआधीही वापरात नव्हता?"

"त्या दिवसानंतर नाही. हे खात्याचा दुसरा वापरायचे."

"मग इतकी वर्षं सिलिंडर कुठे होतं ह्याला?"

त्याने चावीवर हात ठेवला आणि मी नको म्हणायच्या आत ती फिरवली.

काटा शून्यावर आला. आवाज थांबला.

मग रबराच्या दातांत धरायच्या दोन्ही कडा हळूहळू जवळ आल्या. टेबलावर एक सुताचा धागा पडला होता. तो सरकत रबराच्या तोंडाशी गेला. पुन्हा सरकला. मग आत गेला.

आता मणी दोनसुद्धा होत नव्हते.

"उघड," मी म्हटलं. "बाबा, उघड ते."

त्याने चावी उघडली. नळीने इतक्या जोरात हवा ओढली की काटा एकदम साठावर आला. मग पन्नास. मग श्वास जरा सावरला.

"हे सिलिंडर सरलं की?" मी विचारलं.

"शहरात ह्या तोंडाचं दुसरं नाही," हसनैन म्हणाला. तो आता कुजबुजत होता.

रूपालीने जीपची किल्ली उचलली. "ती विहीर अजून आहे. पथकाकडे दोन पत्रं आली आहेत, एक म्हातारा तिच्यावर जाळी टाकू देत नाही. माझा पाण्यात उतरायचा सेट गाडीत आहे. दोन सिलिंडर भरलेली आहेत, पण ती ह्याला बसणार नाहीत, मला खाली लागतील."

"पोचायला पावणेदोन तास लागतील," हसनैन म्हणाला. काटा तीसवर होता. "दुरुस्तीचं काय करू, खाला? आत्ता खोलला तर..."

"दुरुस्ती नको."

"मीही हात लावला नसता. ही अमानत आहे. अमानतीला मी पाना लावत नाही."

"आणि फलकवाल्याला सांग," मी रूपालीला म्हटलं, "आकडा घालू नको म्हणावं अजून."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी ह्यांनी तिला पहिल्यांदा तापीत सोडलं, तेव्हा पाण्यातून वर येऊन तिने असंच बघितलं होतं. तिने मान हलवली आणि गाडी जिन्यापाशी आणायला गेली.

दहा. पाच.

काटा टेकला.

रबराच्या कडा पुन्हा जवळ यायला लागल्या.

मी पदराने तोंड पुसलं, देवाचं नाव घेतलं आणि ते रबर दातांत धरलं.

थंड होतं. विहिरीच्या शेवाळाची चव होती. हवा माझ्याकडे आली नाही. माझ्या तोंडातली हवा तिकडे गेली.

मी नाकाने श्वास घेतला आणि तोंडाने दिला. पुन्हा घेतला, पुन्हा दिला. पलीकडून घाईघाईने ओढला जायचा. मी दोन मण्यांचे तीन केले, मग चार. हळूहळू पलीकडचाही चारावर आला.

हसनैनने रेग्युलेटर सिलिंडरपासून सोडवला, मला धरून जीपमध्ये बसवलं, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि जीपचं दार अलगद लावलं. बारा वाजायला आले होते. रस्त्यावर शाळेच्या रिक्षा, उसाच्या रसाचे चरक, सगळं रोजचं चाललं होतं. रूपालीने आरशातून मला डोळ्यांनीच विचारलं.

उत्तर देण्याआधी माझ्या जिभेवर काहीतरी आलं. कडक, लहान. एक श्वास देऊन झाल्यावर मी ते बोटांवर काढून घेतलं.

दुधाचा सुळा होता. मुळाशी रक्त होतं, अजून कोमट.

मी तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला, रबर पुन्हा तोंडात धरलं आणि रूपालीला हातानेच खूण केली, चल.