चार किलोमीटर सरळ

अल्तमशला रस्ते ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. शहराच्या छावणी भागात वाढलेला, पाण्याचा टँकर चालवणारा तिशीतला गडी. पण हर्सूलहून सिडकोला जायचं म्हटलं तरी आधी मोबाईल काढून समोरच्या काचेपाशी अडकवायचा. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. दुष्काळाच्या त्या वर्षी शहर चहूबाजूंनी असं पसरत चाललं होतं, की काल जिथं बाजरी उभी होती तिथं आज कमान उभी असायची आणि कमानीवर एखाद्या देवाचं नाहीतर बिल्डरच्या आईचं नाव. पाणी मागवणारेही पत्ता सांगत नसत. ‘लोकेशन टाकलंय’ एवढं म्हणून फोन ठेवून देत. मग मोबाईलमधली बाई बोलेल तशी अल्तमश गाडी हाकायचा. तिला तो मॅडम म्हणायचा. बायकोचं एक वेळ ऐकणार नाही, पण मॅडमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असा त्याचा खाक्या.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक मात्र परकं नव्हतं. पहाटे, रमजानच्या सेहरीच्या वेळी, त्याची खाला गेली. अनिसाखाला, त्याच्या आईची धाकटी बहीण. लोकांचे कपडे शिवून शिवून तिनं हर्सूलच्या पुढं नव्या प्लॉटिंगमध्ये दोन खोल्या बांधल्या होत्या. घर झालं, पण नळ काही आला नाही. मग रोज कुणाच्या तरी दारात हंडा घेऊन उभं राहायचं. समोरची बाई आधी आपल्या बोअरचं रडगाणं ऐकवणार, मग दोन वेळा मोटर बंद आहे म्हणणार, आणि मग नळी सोडणार. खालाला ते फार लागायचं. एकदा ईदला ती अल्तमशला म्हणाली होती, “तू टँकरवाला है ना रे? मेरी मय्यत को उसना पानी नको लगने देना.” तो हसला होता, पण त्यानं शब्द दिला होता.

म्हणूनच सकाळी शेजारणी मयताच्या आंघोळीसाठी भरलेले हंडे घेऊन दारात आल्या, तेव्हा अल्तमशनं हात जोडून त्यांना परत पाठवलं. टँकर भरून आणतो म्हणाला. खालाचे शोहर रहीमखालू भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच बोलले, “दोपहर को, जोहर की नमाज के बाद दफन है. तब तक आया तो ठीक. मय्यत को रोक के नहीं रखते, बेटा.”

फुलंब्रीजवळ कडुबाची विहीर होती. त्या भागात पाणी टिकून असलेल्या दोन-चार विहिरींपैकी एक. मयताचं पाणी आहे हे कळल्यावर कडुबानं स्वतः टाकीत उतरून ती खंगाळून काढली, मगच मोटर लावली. “हळू जाय,” म्हणाला. “जळगाव रोड सगळा खणून ठिवलाय.”

खणलेला होताच. रुंदीकरणाच्या नावाखाली सगळा रस्ता उकरून ठेवलेला, आणि ट्रकच्या मागं ट्रक धुरळ्यात उभे. अल्तमशचा रोजा होता. घसा कोरडा पडलेला, मागं टाकीत दहा हजार लिटर पाणी डचमळतंय, आणि त्यातला एक घोट घ्यायची सोय नाही. घड्याळाचा काटा बाराकडं सरकत होता. तेवढ्यात मॅडम बोलली. डावीकडं वळा, म्हणाली. नकाशात एक निळी रेघ हमरस्ता सोडून सरळसोट हर्सूलकडं गेलेली दिसत होती. त्यानं विचारसुद्धा केला नाही, गाडी वळवली. वळणावर एक धनगर बाप्या मेंढरं घेऊन बसला होता. तो काठी उंच करून काहीतरी ओरडला. थांबून काच खाली करून विचारायला काय लागत होतं? पण मॅडम असताना माणसाला विचारणं अल्तमशला कमीपणाचं वाटायचं. बाप्या रामराम घालतोय असं समजून त्यानंही हात हलवला.

“चार किलोमीटर सरळ जात राहा,” मॅडम म्हणाली.

रस्ता होता चांगला. डांबर नव्हतं, पण खडी नीट अंथरलेली. दोन्ही बाजूंना खोल चर, त्यापलीकडं उघडं माळरान आणि हाताच्या अंतरावर रचलेले खडीचे ढीग. अल्तमशला बरं वाटलं. चला, इथंही काम निघालंय, पुढच्या वर्षी ह्या रस्त्यालाही दुकानं लागतील. ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. बाभळीची सावली बाभळीच्याच पायाशी गोळा झाली होती. चिटपाखरू नव्हतं. आणि मग इंजिनाच्या आवाजातूनही तो दुसरा आवाज त्याच्या कानी आला.

खण्... खण्... खण्...

कुणीतरी खडी फोडत होतं. एकटंदुकटं नाही, पुष्कळजण. आवाज पुढून येत होता. एवढ्या उन्हात कामाला लावणारा कंत्राटदार कोण असेल, असं त्याच्या मनात आलं. माणसं आता दिसतील, मग दिसतील, म्हणून तो बघत राहिला. पण आवाज होता तेवढ्याच अंतरावर राहिला. गाडी जोरात घेतली तरी जवळ येईना, हळू केली तरी लांब जाईना.

“चार किलोमीटर सरळ जात राहा.”

हे तिनं मघाशीही म्हटलं होतं. अल्तमशनं मोबाईलकडं पाहिलं. निळी रेघ होती, तिच्यावर त्याचा बाण होता, बाण पुढं सरकतही होता. रेंज मात्र एक काडीही नव्हती. बऱ्याच वेळानं ती पुन्हा तेच बोलली, त्याच थंड, सभ्य सुरात. मग आणखी एकदा. चार किलोमीटर म्हणजे किती, हे रोज टँकर चालवणाऱ्या माणसाला कळत नाही असं थोडंच आहे?

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून समोर नीट पाहिलं. लांबवर, जिथं रस्ता संपून नुसता माळ दिसत होता, तिथं धुरळ्याचा एक लोट उठत होता. लोट पुढं सरकला की त्याच्या मागं रस्ता तयार झालेला दिसे. खडी अंथरलेली, कडा दाबलेल्या. अल्तमश जेवढा पुढं जाई तेवढा रस्ता कुणीतरी त्याच्यापुढं करत चाललं होतं. तो संपणारच नव्हता.

ब्रेक मारून त्यानं मागं जायचं ठरवलं. आरशात पाहिलं, तर मागं रस्त्याच्या ऐन मधोमध ढीग. आत्ता ज्या खडीवरून चाकं गेली होती, तिथं एकामागं एक ढीग रचलेले. वळायला जागा नव्हती, दोन्हीकडं चर. कुठली दिशा धरून पायी पळावं, तर सूर्य माथ्यावर, सावली पायाखाली. पूर्व कुठं नि पश्चिम कुठं तेही कळेना. जन्मभर मॅडमच्या भरवशावर राहिलेल्या माणसाला एवढ्या मोकळ्या माळावर पिंजऱ्यात सापडल्यासारखं झालं. त्यानं मोबाईल बंद केला. पडदा काळा झाला.

“सरळ जात राहा...” काळ्या पडद्यातून आवाज आला.

अल्तमशनं दार उघडून खाली उडी टाकली. खडी तव्यासारखी तापली होती. आणि तिथं, टाकीच्या मागच्या बाजूला, व्हॉल्व्हपाशी, एक म्हातारी उकिडवी बसली होती. काष्ट्याचं लुगडं, रंग उन्हानं उडालेला. अंगावरून, केसांवरून, भुवयांवरून दगडाची पांढुरकी धूळ. ती टाकीच्या पत्र्याला कान लावून आतलं पाणी ऐकत होती.

“लेकरा...” ती म्हणाली. “पानी हाय?”

अल्तमश दोन पावलं मागं सरला. “हाय, आजी. पण देता येत नाय. मयताचं हाय ते.”

“व्हय ना,” म्हातारी म्हणाली. “मयताचंच पायजे.”

तिनं रस्त्याच्या कडेला पाहिलं. अल्तमशनंही पाहिलं. मघापासून ज्यांना तो खडीचे ढीग म्हणत होता, ते बहुतेक एकाच मापाचे होते. माणूस आडवा झोपला की होतो तेवढे. काही त्याहून लहान होते. त्या लहानांकडं बघून त्याला भडभडून आलं.

“बहात्तर सालाला आमी दुस्काळी कामावर आलतो,” म्हातारी सांगू लागली. सांगणं असं, की शेजारीण ओट्यावर बसून बोलावी. “खडी फोडायची, रस्ता करायचा. मग पटकी आली. प्यायाला पानी नाय, तर मयताला कुठलं... असंच झाकलं खडीखाली. मुकादम म्हनला, थांबू नका, रस्ता फुडं न्यायचाय. कुनी न्हाऊ घातलं नाय रं आमाला.”

“आजी, माझी खाला...” त्यानं हात जोडले. “तिला मी शब्द दिलाय. उसनं पाणी लागू देणार नाय म्हणून.”

“मग काय करतूस?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. “थांब हितंच. आमी बी थांबलोय.”

हातोडे थांबले होते. सगळा माळ कान देऊन बसल्यासारखा झाला होता. अल्तमशच्या डोळ्यांपुढं खाला आली, हंडा घेऊन परक्या दारात उभी असलेली, आणि ही म्हातारी त्या उभ्या राहण्यापेक्षा वेगळी कुठं होती? त्याला भीती वाटत होती, हे खरंच. पण व्हॉल्व्हवर हात गेला तो निव्वळ भीतीनं गेला नाही.

“अर्धं घ्या,” तो म्हणाला. “अर्धं खालाला ठेवा.”

“बघू,” म्हातारी म्हणाली.

पाण्याची मांडीएवढी धार धाडकन खाली आली, पण खडी भिजली नाही. धार जमिनीच्या वीतभर वरच कशावर तरी पडत होती. पाणी अंगावर ओतल्यावर, केसांतून निथळल्यावर जसा आवाज येतो, तसा आवाज येत होता. कुठंतरी एका तान्ह्या पोरानं गार पाण्यानं दचकून श्वास घेतला. ओल्या दगडाचा आणि जुन्या, कोंडलेल्या कपड्यांचा वास माळभर पसरला.

टाकी अर्धी झाली असं आवाजावरून वाटल्यावर अल्तमशनं व्हॉल्व्हची चक्री उलटी फिरवायला घेतली. चक्री हलेना. त्यानं दोन्ही हात लावले, पाय रोवून जोर दिला.

“थांब की,” म्हातारी अगदी त्याच्या कानाशी म्हणाली. “बाप्यांचं झालं. बायकांचं ऱ्हायलंय अजून.”

“आजी, पाया पडतो...”

“आन् एक नवी आलीय आज पहाटं. तिचं बी करतो.”

शेवटचा थेंब पडेपर्यंत चक्री हलली नाही. मग ती आपोआप हातात सैल झाली. अल्तमशनं मान वर केली तेव्हा तिथं म्हातारी नव्हती, ढीग नव्हते, चर नव्हते. गाडी सावंगीच्या जवळ, हमरस्त्याच्या कडेला, तोंड शहराकडं करून उभी होती. मागं एक ट्रकवाला हॉर्न वाजवून आईबहिणीवरून शिव्या देत होता, आणि त्या शिव्या ऐकून अल्तमशला रडू फुटलं.

तो पोचला तेव्हा जोहरची नमाज पढून माणसं परतली होती. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? रहीमखालूंनी पाइप धरला, व्हॉल्व्ह उघडला. गंजाचे दोन लाल थेंब खाली पडले, बास.

खालूंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाइप खाली ठेवला. तेवढ्यानंच तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. दाराशी शेजारणींनी हंडे पुन्हा आणून ठेवलेले होते, काठोकाठ भरलेले. त्यातला एक त्यानं स्वतःच उचलला. दिलेला शब्द गेला तो गेला, निदान हंडा तरी आपल्या हातानं आत न्यावा.

आतून पडदा सरला. मयतांना आंघोळ घालणारी शहजादी बाहेर आली. ती सिल्लोडकडची, बोलायची ती मराठीच. तिच्या बाह्या वर केलेल्या होत्या, पण हात कोरडे होते. तिनं मागं दार ओढून घेतलं.

“ठिव तो हंडा,” ती हळूच म्हणाली. “पानी नको आता.”

“का?”

“आंघोळ झालीय तिची. मी कफनाचं कापड फाडाया बाहीर आले व्हते. दाराला कडी मीच घातलेली. परत जाऊन बघते तर डोक्यापासून पायापातूर न्हालेली... केस निथळत्यात. खाली फरशी मातर कोरडी.”

अल्तमशनं हंडा खाली ठेवला. खालू काहीतरी पुटपुटत भिंतीला टेकले. शहजादी अल्तमशच्या जवळ आली. तिचा आवाज आता अगदी खाली गेला होता.

“येक विचारू का? तुजी खाला कदी मजुरीला जात व्हती?”

“नाय. मशीनवर बसायची. शिलाई करायची.”

“मग तिच्या हातांला...” शहजादीनं स्वतःचे दोन्ही तळवे त्याच्यापुढं उघडे धरले, आणि अंगठ्याच्या खालची जागा दाखवली. “हितं, हितं, ह्या बी हाताला. फोड आलेत रं. हातोडा धरून येत्यात तसं. ताजे हायत.”

तिनं एकदा मागं बंद दाराकडं पाहिलं.

“येक तर आत्ता, माझ्या डोळ्यांम्होरं उठला.”