नावाची लांबी

दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी मिरजेच्या हरिप्रिया धर्मादाय रुग्णालयातली मुख्य जोडपेटी बंद पडली आणि पन्नास सेकंदांनी आपणहून चालू झाली. तिथलं जाळं सांभाळणाऱ्या रेवती मगदूमने हातातला चहा खाली ठेवला. एखादी पेटी कधीतरी रुसते, तेवढं चालतं. पण अठरा सेकंद हिरवा दिवा दाखवून ती पुन्हा मेली, तेव्हा रेवती पळतच तारांच्या खोलीत शिरली.

जोडपेटी ही काही फार शहाणी वस्तू नव्हे. रुग्णालयातल्या तीन-साडेतीनशे यंत्रांच्या तारा तिच्यात येतात, आणि कुणाचा निरोप कुणाच्या खणात टाकायचा एवढंच तिला ठाऊक असतं. पण ती मेली की सगळीच यंत्रं मुकी होतात. भिंती जाड असल्यामुळे इमारतीतले मोबाइलसुद्धा याच जाळ्यावर चालत, त्यामुळे तेही मुके. आणि आज त्या यंत्रांमध्ये दूरहस्त होता.

दूरहस्त तिसऱ्या मजल्यावर होता, हिंदुराव मोहिते म्हैसाळकरांच्या छातीत. चार बारीक पोलादी बोटं इथे, आणि ती हलवणाऱ्या डॉ. सलमा मुजावर कोल्हापूरच्या शाखेत. साऱ्या पट्ट्यात हृदयाची झडप बदलणारा असा हात मुजावरबाईंचा एकच, म्हणून नऊ शाखांना मिळून तो तारेवरून वाटून दिलेला. हिंदुराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, संस्थेचे सगळ्यात मोठे दाते. तो दूरहस्तही त्यांनीच दिलेला.

आदल्या दिवशी म्हाताऱ्याने रेवतीला खाटेजवळ बोलावून विचारलं होतं, "पोरी, डॉक्टरीणबाई कोल्हापुरात आणि माझं काळीज मिरजेत. मधे काय हाय?"

"मधे मी आहे, आबा," ती तोऱ्यात म्हणाली होती. आता नेमकं तिथेच तुटलं होतं.

तिने जुनी पेटी काढून कपाटातली कोरी पेटी लावली. सात मिनिटं गेली. कोरी पेटी चालू झाली, अठरा सेकंद जगली आणि मेली. म्हणजे लोखंडात दोष नव्हता, आतल्या आज्ञावलीत होता. एका परीने ही वाईट बातमी होती, कारण कपाटातल्या उरलेल्या दोन्ही पेट्यांत तीच आज्ञावली होती.

ती वर गेली तेव्हा शस्त्रक्रियागृहाच्या दारात डॉ. कपिल आवटी आले. दूरहस्ताशेजारी उभं राहून मुजावरबाईंना मदत करणारे ते, वय बत्तीस. मुखपट्टीच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते बरे दिसत नव्हते.

"मॅडम, दहा वाजून दहाला हृदय थांबवलंय. रक्त यंत्रावर फिरतंय. नवी झडप जागेवर बसवली, बारा टाके घातले, पण गाठी दोनच मारून झाल्या. बारापर्यंत हृदय चालू करायला हवं. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही."

"अठरा सेकंद मिळतात मधे, त्यात काहीच होत नाही?"

"नाही. जोडणी आली की दूरहस्त आधी स्वतःला तपासतो, तीस सेकंद. तोवर बोट हलवत नाही. मुजावर मॅडमचा आवाज तेवढा येतो." त्यांनी क्षणभर थांबून विचारलं, "कुणी मुद्दाम करतंय का हे?"

"तेच बघते. याला सेवाबंदी म्हणतात, डॉक्टर. घर फोडायचं नाही, काही चोरायचं नाही. नुसतं पहारेकऱ्याला असं काही सांगायचं की तो चक्कर येऊन पडेल. उठला की पुन्हा तेच सांगायचं."

असलं काम करणारा एक तर पगारी गुंड असतो नाहीतर रिकामटेकडा हुशार माणूस. खाली येऊन रेवतीने बाहेरून आलेले सगळे निरोप चाळले. गुंड नव्हता, हुशारही नव्हता. मग तिने पेटीची स्वतःची टिपणं काढली. मरण्याआधीची शेवटची ओळ दर वेळी एकच होती: खण क्रमांक सात, शेजाऱ्याचे नाव लिहीत आहे. पुढे कोरं.

खण सात म्हणजे दूरहस्त.

ती जिना चढून पुन्हा दारात आली. "डॉक्टर, सापडलं. पेटी चालू झाली की, आणि कुणाचं नाव बदललं तरी, आधी शेजारओळख करते. प्रत्येक यंत्राला विचारते, बाबा तुझं नाव काय, आणि वहीत लिहिते. वहीत नावाला दोनशे पंचावन्न जागा. नाव त्याहून लांब आलं तर नीट आज्ञावली पुढचं सोडून देईल. ही मूर्ख पुढच्या रकान्यावर लिहीत सुटते, स्वतःचीच आज्ञा पुसते आणि पडते. उठली की पहिलं काम काय करते? नाव विचारते."

"दोनशे पंचावन्न म्हणजे पुष्कळ झाले की."

"इंग्रजीत पुष्कळ. आपलं एक अक्षर तीन जागा खातं. काना वेगळा, मात्रा वेगळी, त्याही तीन-तीन. ज्यांनी ही लिहिली त्यांना वाटलं, यंत्राचं नाव असून असून किती लांब असणार."

आवटींनी डोळे मिटून घेतले. हरिप्रियात यंत्रांना नावं कोण देतं हे त्यांनाही माहीत होतं. इथल्या पंख्याच्या पात्यावर दात्याचं नाव, बाकावर दात्याचं नाव, पाण्याच्या टाकीवर तर तीन पिढ्यांची नावं. यंत्रं आली तेव्हा विश्वस्तांनी ठराव केला की त्यांच्या आतही नाव दात्याचंच असावं. ती नोंद ठेवायचं काम सदाशिव कोगनोळे यांचं. तीस वर्षं कार्यालयात, अक्षर मोत्यासारखं, आणि ती नोंद त्यांच्या अंगठ्याशिवाय बदलत नाही.

कार्यालयात कोगनोळेकाका पाठमोरे बसले होते. रेवती दारातूनच बोलली. "काका, दूरहस्ताचं नाव आत्ताच्या आत्ता काढा. निदान चार शब्दांत आणा. जाळं त्याच्यामुळं पडतंय."

काका वळले. डोळे लाल होते. "आज नाही, मॅडम."

"आज नाही म्हणजे काय?"

"माणसाचं नाव आजच्या दिवशी पुसायचं? मला फासावर द्या. माझ्या हातून ते व्हायचं नाही."

रेवतीचा पारा चढला. "ओ काका, वर माणूस मरतोय आणि तुम्ही पाटीवरच्या नावाला कवटाळून बसलाय?"

"मरतोय कुठला, गेले ते," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "दहा वाजून दहाला. मी डोळ्यांनी वाचलं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. रुग्णफलकावर, हिंदुरावांच्या नावापुढे, लिहिलं होतं: हृदय थांबले, १०.१०.

रेवतीने ती ओळ पुन्हा वाचली.

"आमचा नियम आहे," काका नाक पुसत म्हणाले. "दाते गेल्याचं कळलं की तासाभरात नाव बदलायचं. पूर्वी एकदा गेलेल्या माणसाला आठ दिवस श्री लागून राहिलं होतं, तर त्यांचा मुलगा दारात येऊन भांडला. तेव्हापासून मी चुकलो नाही. आणि साहेबांसारख्या माणसाला नुसतं कै. कसं लावायचं हो? पूर्ण लिहिलं. कैलासवासी हिंदुराव यशवंतराव मोहिते म्हैसाळकर यांच्या चिरंतन पुण्यस्मृतीस विश्वस्त मंडळातर्फे भावपूर्ण आदरांजली."

रेवतीने मनातल्या मनात मोजलं. पूर्वीचं नाव होतं, श्रीमान हिंदुराव यशवंतराव मोहिते म्हैसाळकर यांजकडून रुग्णसेवेस सादर. एकशे सत्त्याऐंशी जागा. तीन वर्षं मुकाट बसलं होतं. नवं भरत होतं तीनशे आठ. नुसतं कै. लावलं असतं तरी निभावलं असतं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "झडप बदलताना हृदय थांबवावंच लागतं. धडधडत्या हृदयाला टाके कसे घालणार? डॉक्टरांनी थांबवलंय ते. आबा जिवंत आहेत. पण तुम्ही आदरांजली वाहिली आणि डॉक्टरीणबाईंचा हात तुटला."

काकांनी पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. मग त्यांनी नोंद उघडली. बदल दूरहस्तापर्यंत त्याच जाळ्यातून जायचा होता, म्हणून हिरव्या दिव्याची वाट पाहणं आलं. "मी हो म्हणते तेव्हा अंगठा," रेवती म्हणाली. पहिल्या खेपेला काकांच्या अंगठ्याला घाम होता, तो उमटला नाही. दुसऱ्या खेपेला उमटला. अकरा सोळाला जोडपेटी चालू झाली ती चालूच राहिली.

वर मुजावरबाईंची बोटं हलू लागली. तिसरी गाठ, चौथी. रेवती काचेमागे उभी राहून दिव्याकडे बघत होती. कोगनोळेकाकाही तिच्या मागे येऊन उभे राहिले, त्यांना खाली बसवत नव्हतं. सातवी, आठवी. अकरा छत्तीसला नववी गाठ बसली आणि पोलादी बोटं जागच्या जागी थिजली.

रेवतीने धावत जाऊन पेटी पाहिली. तिची पेटी ठणठणीत होती, एकही दिवा चुकलेला नव्हता. मेली होती ती पलीकडची, कोल्हापूरची.

ती परतली तेव्हा काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम," ते म्हणाले, "नाव बदलायच्या आधी मी शाखांना पत्रक काढलं. दहा चाळीसला. नऊही ठिकाणी साहेबांचं काही ना काही आहे. मुजावरबाई ज्याच्यावर बसून हात चालवतात ते आसन साहेबांनीच दिलेलं. तिथे हेच काम करणारे आठवले माझ्यापेक्षा कडक. तासाच्या आत म्हणजे आत."

"मजकूर?"

"पत्रकात होता. सगळीकडे एकच राहावा म्हणून."

"लावा त्यांना फोन."

काकांनी तिथूनच मोबाइलवरून लावून पाहिला. आठवल्यांचा फोन त्यांच्या इमारतीच्या जाळ्यावर, आणि ते जाळं पडलेलं. ज्या शाखांनी मजकूर बदलला त्यांना आता सांगता येत नव्हतं, आणि ज्यांना सांगता येत होतं त्या दोन शाखांनी अजून बदललाच नव्हता. त्यांना काकांनी थांबवलं. एवढ्यात कोल्हापूरचे अठरा सेकंद आले आणि मुजावरबाईंचा आवाज खोलीत घुमला. "आवटी, काय झालं?"

रेवती ध्वनिक्षेपकाला तोंड लावून एका दमात बोलली. "मॅडम, तुमच्या आसनाचं नाव लांब झालंय, आठवल्यांना गाठून जुनं करायला लावा, त्यांचाच अंगठा लागतो."

पन्नास सेकंद शांतता. मग पुन्हा आवाज. "माणूस पाठवला. कार्यालय दुखवट्यासाठी बंद केलंय. आठवले कुलूप लावून घरी गेले, मोबाइल आतच राहिलाय." आणि तुटला.

अकरा एकोणचाळीस झाले होते. आवटी दूरहस्ताच्या थिजलेल्या बोटांकडे बघत उभे होते. "येईल ना जोडणी?" त्यांनी विचारलं. "आणखी पाच मिनिटं थांबू का?"

रेवतीची नोकरी आयुष्यभर एकाच वाक्यावर चालली होती: थोडं थांबा, येतंय. जिभेवर तेच आलं होतं. तिला फार भीती वाटत होती. "नाही," ती म्हणाली. "येणार नाही. बारापर्यंत नक्की नाही. तुम्हीच करा, डॉक्टर."

"मी जिवंत माणसाला या गाठी मारलेल्या नाहीत."

"आवाज मिळेल. अठरा सेकंद, मग पन्नास बंद. बस, तेवढंच आहे माझ्याकडे."

आवटींनी मान हलवली. परिचारिकेने दूरहस्ताची बोटं एकेक करून बाहेर काढली, आणि बरगड्यांमधल्या चार बोटं रुंद फटीतून आवटींनी लांब चिमटा आत घातला. आवाज आला की मुजावरबाई भराभरा सांगत. "दहावी गाठ मागच्या बाजूला आहे, ओढू नका, दाबत न्या. सहा वेढे. झडप तिरकी वाटली तर—" आणि बंद. आवटी अंधारात चालल्यागत पुढचं स्वतः करत. पुन्हा आवाज आला की एवढंच सांगत, दहावी झाली. अकरावीला धागा तुटला. त्यांनी नवा घेतला. बाई नव्हत्या तेव्हाच तुटला होता, आणि त्या आल्या तोवर गाठ बसलीही होती. त्यांनी ते सांगितलं नाही.

अकरा चौपन्नला बारावी गाठ झाली. हृदयाची चीर शिवली. बारा वाजून तीन मिनिटांनी आवटींनी रक्ताची वाट मोकळी केली आणि सगळे पडद्याकडे बघत राहिले. रेघ सपाट होती. कोगनोळेकाकांनी काचेवर कपाळ टेकलं. मग रेघ एकदा थरथरली, पुन्हा सपाट झाली, आणि नंतर एक ठोका पडला. त्यामागून दुसरा. मग ते थांबेनातच.

कुणी काही बोललं नाही, कारण कोल्हापूर बंद होतं आणि बोलायचं ते बाईंना आधी, असं जणू सगळ्यांचं ठरलं होतं. चाळीस सेकंद ती घामाघूम माणसं त्या ठोक्यांच्या आवाजात उभी राहिली. रेवती रडत होती आणि तिला ते पुसावंसंही वाटत नव्हतं. हिरवा दिवा लागला.

"आवटी," मुजावरबाईंचा आवाज आला, कोरडा पडलेला, "सांगा."

"मॅडम, चाललंय," आवटी म्हणाले. मग उरलेले पंधरा सेकंद त्यांनी ध्वनिक्षेपक काढून हिंदुरावांच्या छातीजवळ नुसता धरून ठेवला.