मोहगावचे पिवळे डोळे

"सौंसर तहसिलीत असा गुन्हेगार अजून जन्माले यायचा आहे, जो माह्या नजरेतून सुटन," रिटायर हेड कॉन्स्टेबल विनायकरावांनी मारुतीच्या पारावर बसून ठणकावून सांगितलं. चार जणांनी माना डोलावल्या. विनायकराव उठले, खाली पाहतात तर चपला गायब.

तेवढ्यात फोन वाजला. मोहगावहून धाकटी बहीण, उषा.

"दादा, लगेच ये. ह्यायचे डोळे पुन्हा पिवळे झाले. घरात कोणी तरी विष घालून राहिलं."

"कोण?"

"फोनवर कशी सांगू? ती इथंच उभी आहे."

ती म्हणजे सून, अमिता. विनायकराव अनवाणीच बसमध्ये चढले.

उषाचे मालक गुणवंतराव खाटेवर पडले होते. हळद लागलेल्या नवरदेवासारखे पिवळे, फक्त तोंडावर लग्नाची कळा नव्हती. गळ्यात शेजारच्या हेमराजनं मंतरलेली, झाडाच्या मुळ्यांची माळ. माळ लांबली की कावीळ उतरली, असा हेमराजचा हिशेब. माळ बेंबीपर्यंत आली होती, डोळे तसेच.

जोडीची दुसरी माळ खुंटीला टांगली होती. तीही तेवढीच लांबली होती. विनायकरावांनी ओढून पाहिली. मुळ्या वाळून आकसल्या, धागा सैल पडला, बस.

"म्हणजे खुंटीची बी कावीळ उतरली," ते म्हणाले. कोणी हसलं नाही.

दारात मोटरसायकल उभी होती. मागं अमिताची बॅग बांधलेली. मुलगा अंकुर संध्याकाळी तिला माहेरी, बोरगावला सोडणार होता. परत आणायचं कोणी बोलत नव्हतं.

"पुरावा काय?" विनायकरावांनी विचारलं.

"घे पुरावा," उषा म्हणाली. "हे महिनाभर पोरीकडं नागपूरले होते. तिथं डोळे पांढरे झाले. घरी आले, हिच्या हातचं खाल्लं, पुन्हा पिवळे."

पुरावा वजनदार होता. विनायकराव खाटेकडे वळले.

"पाणी कुठचं पिता, गुणवंतराव?"

"सारे एकाच माठातलं."

"दारू?"

"राम राम."

"दुसऱ्याचा वस्तरा? सुई? रक्त चढवलं?"

"काहीच नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

अंकुर पुढं आला. "हिपॅटायटिस म्हणाले, मामा. लिव्हरची सूज. कावीळ नुसता धूर आहे, आग लिव्हरात लागली. पाण्यातून येणारे, रक्तातून येणारे, सारे व्हायरस तपासले. एक बी सापडला नाही. सूज अशीच वाढली तं बाबा वाचतीन का, सांगता येत नाही म्हणाले. काही औषध घेता का, तेवढं विचारलं."

"मग?"

"नाही म्हटलं," गुणवंतराव अभिमानानं म्हणाले. "मी तं डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही."

आता अमिता.

"जेवण सारेच माह्या हातचं खातेत, मामाजी. बाबांसाठी वेगळा फक्त गुळवेलीचा काढा करते, सकाळ-संध्याकाळ. थकवा वाढला तं आईंनी डबल करायले लावला."

"पाह्यलं?" उषा म्हणाली. "वेगळं करते."

विनायकरावांचे डोळे चमकले. सगळ्यांना त्यांनी ओसरीवर बसवलं आणि स्वतः मधोमध उभे राहिले.

"नागपूरले काढा होता?"

"नाही," गुणवंतराव म्हणाले. "वेल इथं अंगणात आहे ना."

"ऐका मग. काढा थांबला, डोळे पांढरे. सुरू झाला, पिवळे. डबल केला, अजून पिवळे. जेवण साऱ्यायनं खाल्लं, पाणी साऱ्यायनं पेलं, ते सुटले. काढा एकट्यानं पेला. अमितानं तं सांगितलं तेवढं उकळलं. खरा गुन्हेगार तो, ज्यानं गुळवेल या घरात आणली." त्यांनी आवाज खाली आणला. "नाव सांग, बेटा. कितीही मोठा माणूस असू दे. घाबरू नको."

अमितानं पदर सावरला. "तुम्हीच, मामाजी. आमच्या लग्नात कुंडी आणली होती. आहेर म्हणून."

ओसरीवरच्या साऱ्या माना विनायकरावांकडं वळल्या.

"दादा, तू पेतो काय काढा?" उषानं विचारलं.

"मले कडू चालत नाही."

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर इतक्या जोरात बोलले की शेजारीही ऐकू गेलं. "अहो, काही जणांच्या लिव्हरले गुळवेल सोसत नाही. साऱ्यायले होते असं नाही, पण ज्याले होते त्याचं लिव्हर सुजते. बंद करा आन आत्ता घेऊन या. म्हणून तं विचारलं होतं, काही औषध घेता का."

गुणवंतराव दुखावले. "अंगणातलं थोडीच औषध असते?"

अंकुरनं मोटरसायकलवरून बायकोची बॅग सोडली आणि तिथं बापाला बसवलं. उषानं चहा मांडला आणि पहिला कप सुनेपुढं सरकवला.

काढा सुटला, दवाखाना झाला, डोळे हळूहळू निवळले. हेमराज गावभर सांगत फिरला की माळेनं काम केलं.

विनायकराव मात्र दारोदार फिरू लागले. त्यांनी अर्ध्या तहसिलीत कुंड्या वाटल्या होत्या. "गुळवेल बंद करा," ते सांगत.

"अजी, तुम्हीच तं दिली होती," लोक म्हणत. "तवा तं अमृत म्हणत होते."

"माह्यंच चुकलं."

"तुमचं कुठं चुकते, साहेब?"

काहींना वाटलं, विनायकरावांना गुळवेल आता एकट्यालाच पाहिजे. त्या घरांत काढ्याचा पेला वाढला.

बोरगावात अमिताचे वडील पुंडलिकराव तर हसत सुटले. "व्याही, पोरीच्या लग्नापासून रोज घेऊन राहिलो. मले काय धाड भरली?" त्यांनी विनायकरावांसमोरच पेला भरला, जावईबापूंच्या मामाचा मान म्हणून आधी त्यांच्यापुढं धरला आणि नको म्हटल्यावर स्वतः रिकामा केला. विनायकराव पाहत बसले. कायद्यात यासाठी कलम नव्हतं.

पंधरवड्यानं बोरगावहून फोन आला. पुंडलिकरावांचे डोळे पिवळे झाले होते. अमिता दुपारच्या बसनं माहेरी गेली.