डावीकडची शीळ

विलेपार्ल्यातल्या त्या दिवाणखान्यात चार माणसे बसली होती. अँप्लिफायर चालू होता. गाणे लावलेले नव्हते. डावीकडच्या स्पीकरमधून एक शीळ येत होती, सुईच्या टोकाएवढी बारीक.

सुनंदा प्रधानांनी नकळत कानाची पाळी चोळली. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्या याच इमारतीत, दोन मजले खाली राहत होत्या. मधुकर सबनीस फोनवर एवढेच म्हणाले होते, "बाई, वर या. चोरी झालीय. चोर घरातच बसलाय."

ज्याला चोर ठरवले होते तो कॉस्मस, मढच्या गावठाणातला, मधुकरांचा तरुणपणापासूनचा मित्र. शिळेमुळे त्याच्या कपाळावर आठी पडली होती. मधुकरांच्या पत्नी जयंतीबाई स्पीकरकडे पाहत आणि लगेच मान वळवत. मधुकर मात्र निश्चल होते.

"काय गेलं?" सुनंदाबाईंनी विचारले.

"चांदीच्या तारांची जोडी. माझ्या हातची."

प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत आवाज नेणाऱ्या दोन वायरी. बाजारातल्या वायरींनी मधुकरांचे कधीच समाधान झाले नाही. चांदीची तार ते पांढऱ्या सुती नळीत ओवत, त्यावर तांब्याची जाळी चढवत, टोकांना प्लग सोल्डर करत. संध्याकाळी मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीची कानसेन मंडळी जमणार होती. डोळ्यांवर पट्टी बांधून, पाच जोड्यांतून आपली जोडी केवळ ऐकून ओळखीन, अशी पैज मधुकरांनीच भर बैठकीत लावली होती. त्यांच्या कानांचा दबदबाच तसा होता.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"काल रात्री. मीच लावली होती. सकाळी आंघोळ करून येतो तो तिच्या जागी ही जुनी काळी जोडी. हा सकाळी आला आणि तेवढा वेळ इथे एकटा होता."

"घे ना झडती," कॉस्मस म्हणाला. "पिशवीत वहिनींसाठी सुके बोंबील आहेत. त्यांना सोल्डर लागत नाही."

सुनंदाबाई मधुकरांकडे वळल्या.

"तो का चोरेल?"

"जळतो माझ्यावर. सोल्डरिंगची कांडी धरायला मी शिकवली याला. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. मग बघू, कोण याला दारात उभं करतं!"

कॉस्मसचा चेहरा उतरला. बायको गेल्यापासून या बैठकींखेरीज त्याला दुसरे घर उरले नव्हते, हे तिथे सर्वांनाच ठाऊक होते.

"मधू, मागच्या महिन्यात मी तुला फक्त एक विचारलं होतं यार..."

"गप्प बस!"

"काय विचारलं होतं?" सुनंदाबाई पुढे झुकल्या.

कॉस्मसने मित्राकडे पाहिले. ओठांपर्यंत आलेले काहीतरी त्याने गिळले. "काही नाही, बाई. असंच."

आळ आलेला माणूस स्वतःच्या सुटकेची वाट स्वतःच बुजवतो, असे सुनंदाबाईंनी क्वचितच पाहिले होते. त्या उठल्या. अँप्लिफायरच्या मागे वाकताच सोल्डर करताना जळणाऱ्या राळेचा करपट वास त्यांच्या नाकात शिरला.

"सोल्डरिंग कधी केलं होतंत?"

"गुरुवारी. तीन दिवस झाले."

"जयंतीताई?"

जयंतीबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिले, मग फरशीकडे. "पहाटे मला वाटलं, काहीतरी करपलंय. म्हटलं, शेजारी असेल."

"कॉस्मस, ही काळी जोडी किती जुनी?"

"आम्ही दोघांनी मिळून केलेली पहिलीच. वीसेक वर्षं झाली असतील."

काळे वेष्टण उन्हाने विटले होते. प्लगच्या गळ्याशी मात्र आवळून बसवलेली नळी नव्या बुटासारखी चकाकत होती.

"हे वेष्टण काढून दुसऱ्या वायरीवर चढवायचं झालं तर?"

"प्लग काढावाच लागतो. वेष्टण आधी ओवायचं, मग प्लग सोल्डर करायचा. क्रम चुकला की सगळं पुन्हा उघडा. नवशिके तिथंच रडतात."

"आणि ही शीळ कशाची?"

कॉस्मसने उत्तर देण्याआधी डोळे मिटले. "आतल्या जाळीचं टोक सुटलं असणार. बाहेरचा गोंगाट जाळी अडवते. ती नीट सोल्डर झाली नाही, की असं होतं."

"कसली शीळ?" मधुकरांनी विचारले.

कॉस्मसने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले. जयंतीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

सुनंदाबाई सावकाश खुर्चीत बसल्या. उत्तर सापडल्याचा आनंद त्यांना झाला नाही.

"चोरी झालीच नाही, सबनीस. तुमची जोडी या घरातच आहे. पहाटे तुम्ही तिचे प्लग काढलेत. जुन्या जोडीची कात सोलून तिच्यावर चढवलीत आणि प्लग पुन्हा सोल्डर केलेत. घाईत डावीकडची जाळी सुटी राहिली."

"हे यानंही केलं असेल!"

"कॉस्मस आला सकाळी, वास आला पहाटे. पण तेही सोडा. त्यानं केलं असतं, तर वायर लावताक्षणी शीळ ऐकून प्लग पुन्हा उघडला असता. इतका ढळढळीत दोष तुमच्यातला कुणीही तसाच ठेवणार नाही. ठेवेल तो एकच. ज्याला तो ऐकूच आला नाही."

त्यांनी अँप्लिफायर बंद केला, जयंतीबाईंकडून कात्री मागून घेतली आणि काळे वेष्टण उभे चिरले. खाली तांब्याची जाळी होती. तिच्या विणीतून पांढरे सूत दिसत होते.

"हाताने घडवलेलं तुम्हाला फेकवलं नाही," त्या म्हणाल्या. "मैत्री मात्र फेकवली."

मधुकरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. ऐकायचे नसलेल्या माणसासारखे नव्हे. मोडके भांडे चाचपून पाहावे तसे.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "उंच, बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. आधी घुंगरू गेले. मग झांजा. पाचही जोड्या मला सारख्याच वाटल्या असत्या. पट्टी बांधून, सगळ्यांसमोर."

"मग पैज मोडायची होती. कॉस्मसवर आळ का घेतलात?"

"मागच्या महिन्यात यानं विचारलं, 'मधू, तुला टाळ ऐकू येतात ना?' एवढंच. मी हो म्हटलं. यानं मान डोलावली, आणि मला कळलं की याला कळलंय." ते कॉस्मसकडे न पाहता पुढे म्हणाले, "त्यानंतर हा समोर बसला की मला गाणं ऐकताच येईना. हा माझ्याकडे बघत नसे, तरीही."

"मी कुणालाही सांगितलं नव्हतं, बाई," कॉस्मस हलकेच म्हणाला. मधुकरांशी तो बोलला नाही.

त्याने पिशवीतला बोंबिलांचा पुडा काढून जयंतीबाईंच्या हातात दिला. "उन्हात ठेवा वहिनी, नाहीतर बुरशी धरतील." मग तो दाराशी जाऊन चपला घालू लागला.

"कॉस्मस!" मधुकर धडपडत उठले. "संध्याकाळी सगळे येतील. तू त्यांना सांगणार आहेस का?"

कॉस्मसने दुसऱ्या चपलेत पाय सरकवला आणि मागे न पाहता तो जिना उतरू लागला.