शिफ्ट घेतली

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. चंद्र उगवायला अवकाश होता. पाडलेल्या अणुभट्टीचा राडारोडा उचलणारी पोरं पत्र्याच्या शेडमध्ये दिव्याभोवती बसली होती. शेडमध्ये एकच खुर्ची, गोल फिरणारी, रेक्झिन फाटलेली. कुणीतरी ती दिव्याकडे तोंड करून ठेवली होती. लोखंड कापणारे गॅसकटरकाका मात्र खालीच बसले.

"भुताबितांचं सांगू नका," एक पोरगा म्हणाला. "तुमच्या पिढीनं मागे ठेवलंय तेच पुरे. वीज तुम्ही जाळलीत, कचरा आम्ही राखायचा."

"बोल बाबा, बोल," काका म्हणाले. "पण हे माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलंय. असाच शनिवार होता."

तो माणूस आरेखक, नकाशे काढणारा. त्याचे वडील याच भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. त्या खोलीचा एक नियम होता. वेळ संपली तरी खुर्ची सोडायची नाही. पुढचा माणूस येणार, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणणार, "शिफ्ट घेतली." मगच उठायचं. मग घरी बायको बाळंत होत असली तरी.

भट्टी कायमची बंद झाली त्या दिवशी वडीलच खुर्चीत होते. साहेबलोकांनी भाषणं ठोकली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या, आणि "चला, जा आता घरी" म्हणाले. शिफ्ट कुणी घेतलीच नाही. वडील घरी आले ते नुसते अंगानं. रात्री उठून बसायचे. "आला का रे कुणी?" मुलगा वैतागायचा. "बाबा, भट्टी बंद झाली. झोपा हो!" शेवटच्या रात्रीही त्यांनी तेच विचारलं. यानंही तेच उत्तर दिलं.

पुढे पाडकाम निघालं तेव्हा मुलानं हट्ट धरला: ती खोली तेवढी ठेवा. आहे तशी, काचेमागे. वारसा समितीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला वर्षभर झुलवलं. त्यांना जतन करायची होती ती एकच वस्तू, आपल्या नावांची पितळी पाटी. पाटी त्या खोलीच्या दाराशी लावायची, या बोलीवर ते कसेबसे कबूल झाले. बाबांचं एवढं तरी उरेल म्हणून तो ढसाढसा रडला.

सोमवारी कटर येणार होते. जे कापायचं नाही त्याला लाल चिठ्ठ्या बांधायच्या होत्या. समितीचा होकार हाती पडेपर्यंत शनिवारची संध्याकाळ उलटली. तो तसाच आत गेला.

वीज कधीच तोडलेली. हातात बॅटरी. पॅनेलवरचे सगळे काटे शून्यावर. टेबलाला चिठ्ठी बांधली, फोनला बांधली. खुर्ची दाराकडे तोंड करून होती. तिला बांधली, आणि तो वळला.

कर्रर्र.

खुर्चीचं तोंड पॅनेलकडे.

वारा असेल. पण खोलीला खिडकीच नव्हती. त्यानं खुर्ची पुन्हा दाराकडे फिरवली. पाठ केली.

कर्रर्र...

"बाबा?"

...

एक खोकला. कोरडा, दाबलेला. कामावर असताना माणूस खोकतो तसा.

"तुम्ही... अजून?"

...

मग त्याला कळलं, काचेमागे आपण काय कोंडणार होतो ते. लोक येतील. बघतील. जातील. शिफ्ट घ्यायला कुणीच येणार नाही.

तो पुढे झाला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. रेक्झिन कोमट होतं.

"बाबा... शिफ्ट घेतली."

मग दबलेली गादी हळूहळू वर आली. पावलं. दारापर्यंत. थांबली...

गेली.

सोमवारी काका कटर घेऊन पोचले तेव्हा तो फरशीवर बसला होता. पुढ्यात सोडलेल्या चिठ्ठ्यांचा ढीग.

"कापा," म्हणाला. "सगळं."

समितीवाले भडकले. "वर्षभर डोकं खाल्लंस, आणि आता हे?" खोली गेली. पाटी मात्र फाटकावर लागली. म्हाताऱ्यांचं कधी काही अडत नाही.

"खुर्ची कापायला हात धजेना," काका म्हणाले. "आणली इथं."

"ही?"

"हीच."

"आणि तो?"

"मागच्या हिवाळ्यात गेला. एकटाच होता. शेवटी शेवटी रात्रीचा उठून बसायचा म्हणे..."

मघाचाच पोरगा हळू आवाजात म्हणाला, "मग काका, त्याची शिफ्ट कुणी घेतली?"

"चला, झोपा आता," काका म्हणाले. हा प्रश्न टाळायची त्यांच्या पिढीला सवयच आहे.

पोरं उठली. आणि जागीच थांबली.

खुर्चीचं तोंड आता दिव्याकडे नव्हतं. बाहेर होतं, जिथं भट्टी उभी होती त्या मोकळ्या जमिनीकडे. आणि गादी खाली दबलेली.